मागं पाहणारा मोर

जालन्याहून मुंबईला जाणाऱ्या रुईच्या प्रत्येक गाठीवर व्यापाऱ्याचा ठसा असे. कुणाचा घोडा, कुणाचं जहाज, कुणाचा तराजू. अक्षरओळख नसलेल्या हमालालाही चित्र बघून गाठ कुणाची ते कळायचं. पत्रा गाठीवर ठेवून वरून काळा रंग फासला की चित्र उमटे; ही चित्रं काढून पत्र्यात कोरून देणं हे वामनराव भोकरदनकरांचं काम. नोकरी कुणाची न्हाई. जालन्याच्या कादराबादेतल्या घराच्या ओसरीवर छिन्नी, पत्रा आणि कोळसा घेऊन ते बसत आणि येईल त्या गिऱ्हाइकाचं ऐकून घेत.

परतूरचे दीपचंद शेठ पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "पंडितजी, मोर पाहिजे. पण नाचणारा नको. नाचणारे बाजारात लई झाले."

"मंग कसा?"

"ते तुम्ही बघा." एवढं बोलून शेठ निघून गेले.

वामनरावांनी मान वळवून मागं पाहणारा मोर काढला. पत्र्याच्या कामात मधे बारीक पट्ट्या राखाव्या लागतात, न्हाईतर आतला तुकडा गळून पडतो. त्या मोराच्या मानेतली पट्टी त्यांनी पिसाच्या रेषेतच लपवली. शेठनी पत्रा उन्हापुढं धरला आणि उलटसुलट करून पाह्यला. मंग म्हणाले, "यात कुणी काही जोडायला सांगितलं तर ऐकू नका. मी सांगितलं तरी."

त्यानंतर हंगामाच्या तोंडाशी शेठचं माणूस येई, झिजलेला पत्रा देई, नवा नेई. संक्रांतीला शेठाणी बसंतीबाई घेवराची मिठाई पाठवायच्या.

दुसरं गिऱ्हाईक बालकिशन शेठ. त्यांना हत्ती हवा होता. हत्ती काढला तर तो वाळलेला वाटला. जाड केला तर शेठचे जावई म्हणाले, सोंडेत कमळ पाहिजे. कमळ झालं तर पाठीवर लक्ष्मी बसवायची निघाली.

"शेठ, गोणपाटावर एवढं उमटत न्हाई. काळा डाग दिसंल नुसता."

"तुम्हाला काय, दोन रेघा तर ओढायच्या! पाठीवर एवढी जागा फुकट जाऊन राह्यली."

लक्ष्मी बसली. गाठीवर काळा डाग उमटला. बालकिशन शेठनी बाजारभर सांगितलं की पंडितजीला हत्ती जमत न्हाई.

मंग रझाकारांचा सुळसुळाट झाला. अठ्ठेचाळीस साल लागलं आणि ज्यांचं वऱ्हाडात कुणी होतं ते निजामाची सरहद्द ओलांडू लागले. दीपचंद शेठनी घरची माणसं चिखलीला हलवली. जाताना स्वतः ओसरीवर आले, मोराचा पत्रा फडक्यात बांधून दिला. "हा तुमच्यापाशी राहू द्या. सांभाळा."

शेठ गेल्यावर थोड्याच दिवसांत बालकिशन शेठ आले. मोर बाजारात नावाजलेला, धनी पळालेला. "आता तो माझ्या गाठीवर द्या."

"ते जमायचं न्हाई. बिलकुल न्हाई," वामनराव म्हणाले.

बालकिशन शेठनी पत्र्याचे कंदील करणाऱ्या एकाला धरलं आणि जुन्या गाठीवरून मोर उतरवून घेतला. वामनरावांना तो स्टेशनच्या मालधक्क्यावर दिसला. मान मोडलेली, पिसं झाडूसारखी, चोच कोंबड्याची. शेजारी गाठी तोलत उभा असलेला तोलारी हसून म्हणाला, "पंडितजी, हात थकला का हो?"

ते घरी आले, ताटावर बसले.

"मी केलेला न्हाई तो," ते बायकोला, शरयूबाईंना म्हणाले, "पण लोक माझाच समजून राह्यलेत."

"समजू द्या की. लोकांचं काय?"

दुसऱ्या दिवशी ते बालकिशन शेठच्या दुकानी गेले. "मान तेवढी नीट करून देतो," म्हणाले. पण मानेसाठी पाठ बदलावी लागली, पाठीसाठी पिसारा. संध्याकाळपर्यंत नव्या पत्र्यावर दीपचंद शेठचाच अस्सल मोर तयार झाला. घरी शरयूबाईंनी विचारलं, "दीपचंद शेठ परत आले तर काय सांगाल?" ते छिन्नीला धार लावू लागले.

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. दिवाळीच्या सुमारास दीपचंद शेठ परतले. ओसरीपाशी आले, पण वर चढले न्हाईत.

"मालधक्क्यावर मोर पाह्यला."

"शेठ, चोरी दुसऱ्यानं केली. वंगाळ काढला होता. मी फक्त मान..."

"तेच म्हणतो." शेठचा आवाज चढला न्हाई. "वंगाळ राहू दिला असता तर बाजारात उभं राहून मी म्हणालो असतो, हा नकली. आता कोणत्या तोंडानं म्हणू? दोन्ही तुमच्याच हातचे."

वामनरावांनी आतून फडक्यातला पत्रा आणला. शेठनी घेतला न्हाई.

"दुसरं चित्र काढून देतो, शेठ. याच्याहून चांगलं."

"गाठींवर लावायला मुंबईहून छापील चिठ्ठ्या मागवल्यात," शेठ म्हणाले आणि टांग्याकडं वळले.

एकाचं चित्र दुसऱ्याला दिलं हे बाजारात पसरलं, आणि पुढं वामनरावांकडं बालकिशन शेठचंच काम तेवढं राहिलं. आज हे जोडा, उद्या ते काढा. वामनराव मान हलवून म्हणायचे, "सांगाल तसं." शरयूबाई चहा आणून ठेवायच्या. तो निवून जाई आणि ते खाली मान घालून पत्रा कापत राहत.