चौथा रकाना

मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटं अलगद टेकवावीत आणि डोळे मिटून घ्यावेत. आधी काहीच लागत नाही. मग ओल्या वाळूखालून झऱ्याने हलकेच उसळी घ्यावी तसा एक इवलासा ठोका बोटांना जाणवतो, आणि त्याच्यामागून दुसरा. नात आमची धावपटू आहे. मैदानावरच्या फेऱ्या संपवून, घामाने निथळत ती माझ्यापुढे बसते आणि हात पुढे करते. तिच्याजवळ नाडी मोजणारं घड्याळ आहे. तरी म्हणते, तुझ्या बोटांवर माझा जास्त विश्वास आहे. म्हातारीला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. वाटतं मला बरं! आणि त्या ठोक्यांच्या मागे मागे जात मी थेट प्रवरेच्या काठी, संगमनेरच्या आमच्या मुलींच्या शाळेत जाऊन पोचते.

चाळीसचं दशक निम्म्याहून पुढे सरकलं होतं आणि मी तेरा वर्षांची होते. त्या तेरा वर्षांच्या कुसुमबद्दल काय सांगू तुम्हाला! दोन वेण्या, सोलवटलेले गुडघे आणि नाक असं वर, की आकाशातल्या घारींनी वाट वाकडी करावी. शाळेत सगळ्यांत वेगाने आपण पळतो, हे ज्ञान तिला जन्मतःच प्राप्त झालं होतं. अडचण एवढीच, की नदीपलीकडच्या मळ्यातून येणारी हिरा नावाची एक मुलगी, अनवाणी, परकर खोचून, प्रत्येक शर्यतीत तिच्या चार पावलं पुढे असे. कुसुमकडे त्याची कारणं तयार असत: आज खडा टोचला, काल वारा समोरून होता, परवा सूर्य डोळ्यांवर आला. अख्खी पंचमहाभूतं त्या पोरीच्या विरोधात कट करून बसली होती म्हणा ना!

त्या वर्षी पुण्याहून शिकून आलेल्या नव्या बाईंनी शाळेमागच्या लिंबाखाली मुलींचा व्यायामवर्ग सुरू केला. पदर कमरेला घट्ट खोचलेला, गळ्यात शिट्टी, आणि दोरीला बांधलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ. तो काटा टुकटुक पुढे सरकताना पाहणं हाच आम्हाला मोठा सोहळा होता. गावात मात्र कुजबुज सुरू झाली, आणि शाळेच्या कमिटीत ती बोलून दाखवली ती नेमकी आमच्याच अण्णांनी, माझ्या चुलत्यांनी. अण्णा दुष्ट नव्हते हो. भित्रे होते, आणि भीतीला त्यांनी मायेचं धोतर नेसवलं होतं. "पोरींची काळजं नाजूक असतात, बाई," ते म्हणाले, "उद्या एखादी चक्कर येऊन पडली, तर तिच्या बापाला मी काय तोंड दाखवू?" बाई शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे. पण नाजूक की बळकट, हे तुमच्या-माझ्या म्हणण्यावर कशाला ठरवायचं? मोजून पाहू. मला एक महिना द्या. काळजं खचलेली दिसली, तर वर्ग मीच बंद करीन."

झालं! एका वहीवर आमचं धावणं टांगलं गेलं. वहीत तीन रकाने होते. पहिल्यात नाव, दुसऱ्यात बसल्या जागची नाडी, तिसऱ्यात ओट्याच्या पायरीवर ठरावीक वेळ चढ-उतर केल्यावर ती नाडी मूळ गतीला यायला लागलेला वेळ. बाई सांगत, काळीज किती जोरात धडधडतं यापेक्षा ते किती लवकर शांत होतं, त्यावर त्याचं बळ ओळखावं. किती गोड नियम आहे हा! पुढे आयुष्यात माणसं पारखतानाही मी तोच लावला, आणि फारशी फसले नाही.

सकाळची शाळा होती. मोजणीच्या दिवशी कोणतेही श्रम न करता या, असं बाईंनी बजावलं होतं. कुसुमने ते ब्रह्मवाक्य मानलं. आदल्या संध्याकाळपासून तिने काडी उचलली नाही. आईने पाट मांडायला सांगितलं तर म्हणाली, "माझी नाडी बिघडेल!" शाळेत येताना दप्तरसुद्धा धाकट्या बहिणीच्या पाठीवर दिलं, आणि एखाद्या संस्थानाच्या महाराणीसारखी संथ पावलं टाकत ती नाडी लिंबाखाली नेऊन ठेवली. बाईंनी प्रत्येकीला विचारलं, "सकाळपासून काही व्यायाम केला का गं?" सगळ्यांनी माना हलवल्या. हिराही म्हणाली, "न्हाई बाई. कुठला व्यायाम?"

आणि हिराची नाडी निघाली सगळ्यांत जलद. बाईंनी पुन्हा मोजली, तेच. महिनाभर आम्ही धावलो, दोरीवरून उड्या मारल्या, लेझीम खेळलो. महिन्याअखेरीला सगळ्यांच्या नाड्या पहिल्यापेक्षा शांत झाल्या, चढ-उतरानंतर लवकर स्थिरावू लागल्या. हिराची मात्र बसल्या जागी पूर्वीइतकीच धावत होती. बाईंचा चेहरा उतरला. कमिटी तीन दिवसांवर आली होती, आणि अण्णा नेमकं त्याच एका ओळीवर बोट ठेवणार हे उघड होतं. पण बाईंना त्याहून मोठी काळजी होती ती हिराची. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू आता पळायचं नाहीस, बाळ. झाडाखाली बसून राहा." हिरा गुडघ्यांना मिठी मारून लिंबाखाली बसली, आणि आमच्या पायांकडे बघत राहिली.

त्या दिवशी शर्यतीत कोण पहिलं आलं असेल? आता खरं सांगायचं तर सांगते: कुसुमला आनंद झाला. वारा तोच, सूर्य तोच, खडे तेच; आणि ती मात्र वाऱ्यासारखी सुटली होती! पुढे एवढं वय झालं, पुष्कळ गोष्टींची लाज विरून गेली. त्या आनंदाची मात्र अजून शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी हिरा शाळेत आली नाही. तिची उडीची दोरी माझ्याकडे राहिली होती. विजेत्याने थोडं औदार्य दाखवावं, अशा थाटात त्याच्या पुढल्या पहाटे मी ती द्यायला नदी ओलांडून मळ्यात गेले. झुंजुमुंजू झालं होतं. झोपडीतून जात्याची घरघर येत होती. हिरा एका पायाची मांडी घालून, दुसरा पाय लांब सोडून बाजरी दळत होती. कपाळावर पिठाचा पातळ थर, आणि त्यातून घामाच्या बारीक वाटा उतरलेल्या. मला पाहून हसली. "ये की. बस. येवढं दळान उरकू दे, मग पान्याला जायाचंय." मी म्हटलं, हे काय, मीही दळते! दहा फेरेसुद्धा झाले नसतील. खांदे पेटले, आणि शाळेची ती प्रसिद्ध धावपटू खुंटा सोडून मागच्या धान्याच्या कणगीला टेकली. हिराची आई पदरात तोंड लपवून हसली. "शहरगावची लेक हाय, सोड तिला," म्हणाली. मग हिराने डोक्यावर हंडा, त्यावर कळशी घेतली आणि नदीचा चढ चढली. एकदा नव्हे, तीनदा.

"हे तू रोज करतेस?" मी विचारलं. "मंग? मोजायच्या दिवशी बी केलं की." "मग बाईंना नाही का म्हणालीस?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी श्वास घेण्याचा हिशेब मागितला होता. "बाई व्यायामाचं इच्यारीत हुत्या. ह्ये घरचं काम हाय." आणि मग, खालच्या आवाजात, "माझं काळीज लई वाईट हाय का गं, कुसे? आई म्हनती, पळायचं न्हाई तर शाळेत जाऊन काय करायचं."

हिराचं काळीज! ते तर सूर्य उगवण्याआधीच धावायला निघालेलं असे, आणि आम्ही त्याची विश्रांती मोजायला बसलो होतो. मी नदी ओलांडून परतले. पाण्यात पाय थबकले, हेही लिहून टाकते. गप्प बसलं तर शर्यत माझीच होती ना! पण वर्ग बुडाला असता तर पळणार तरी कुठे होते मी? हे शहाणपण सुचलं ते सत्यप्रीतीपोटी की स्वार्थापोटी, याचा निकाल अजून लागलेला नाही. पाय मात्र धावत सुटले, ते बाईंच्या दारापर्यंत.

बाई ओल्या हातांनी दारात आल्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांच्या मागे विहिरीवरून नुकत्याच ओढून आणलेल्या दोन घागरी ठेवल्या होत्या. त्यांकडे त्यांनी वळून पाहिलं. "रोज आणते गं मी," त्या म्हणाल्या, "आणि मी स्वतःसुद्धा हे कधी व्यायामात धरलं नाही."

कमिटीच्या दिवशी बाईंच्या सांगण्यावरून हिराच्या आईने एक दिवस जातं आपल्या हाती घेतलं. हिरा अर्धा तास लिंबाखाली आडवी झाली, आणि मग बाईंनी अण्णांच्याच बोटांना तिची नाडी लावून दिली. सगळ्या शाळेत तिच्याइतकी संथ नाडी नव्हती. पायरीवर चढ-उतर झाली; अण्णा घड्याळाकडे पाहत राहिले, आणि ते काळीज घरट्यात पाखरू परतावं तसं मुकाट्याने आपल्या जागी येऊन बसलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ह्या पोरी घरी एवढं ओढतात," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "तेव्हा कुणाला कशी काळजाची काळजी वाटत नाही?" बाई हसल्या. "मग पळू द्याल?" "आधी तुमच्या त्या पायरीवर मला चढवू नका म्हणजे झालं," अण्णा म्हणाले. सगळे हसले. वर्ग चालू राहिला.

त्या दुपारी बाईंनी पट्टी घेऊन वहीत आणखी एक उभी रेघ ओढली. चौथा रकाना: पहाटेपासून केलेलं काम. दळण, पाणी, शेण, सरपण, कडेवरचं भावंड. आमच्यातल्या पुष्कळ जणींनी आपल्या आयांचे दिवस पहिल्यांदा अक्षरांत पाहिले ते त्या रकान्यात. कुसुमपुढे बाईंनी काय लिहिलं? काही नाही. आडवी रेघ! त्या रेघेने माझी अशी खोड मोडली, की दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याची कळशी हट्टाने उचलू लागले. आई बिचारी घाबरली. पोरीला ताप तर नाही ना, म्हणून तिने माझीच नाडी पाहिली.

हिरा शेवटपर्यंत माझ्या चार पावलं पुढेच राहिली. पण त्यानंतर मी कधी वाऱ्याला दोष दिला नाही.

आज मैदानावर जाण्याआधी पाहिली, तर नातीची नाडी जरा जलद लागली. तिचा चेहरा पडला. "आजी, काल रात्री नीट झोपले, सकाळपासून काही केलंही नाही, मग असं का?" मी विचारलं, खरंच काही नाही? ती आठवू लागली. पाणी आलं नव्हतं, म्हणून खालून चार बादल्या वर आणल्या. आई आजारी, म्हणून कणीक मळली, फरशी पुसली. "पण ते काय, ते तर असंच," ती म्हणाली.

मी तिचा हात सोडला नाही. बोटांखाली तो झरा हळूहळू संथ होत होता, आणि नदीपलीकडची कुणी एक मुलगी माझ्याकडे पाहून हसत होती. "वही आण," मी नातीला म्हटलं, "आणि पट्टीही."