पडद्याआडची शिकवणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे. कुणी सुरू केलं की मी उठून पान खायला जातो. उभा जन्म डिस्पेन्सरीत गेला माझा. अंगात आलेल्या बायांना नाकाशी अमोनियाची बाटली धरून मी शुद्धीवर आणलंय आणि वर त्यांच्या नवऱ्यांना दमही दिलाय. त्यामुळे 'तुमचा काही अनुभव असेल तर लिहा' असं ह्या अंकाच्या संपादकांनी म्हटल्यावर मी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. पण घरी आलो आणि जेवण गोड लागेना. म्हणून लिहितोय. पटलं तर ठीक, नाही पटलं तर सोडून द्या... मलाच अजून पटलेलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा नव्हे. माझं बोलणं ऐकून हे कुणाला खरं वाटत नाही. मी गोव्याचा, बार्देशातला किरिस्ताव, नाव लुईस. ही गोष्ट कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं तेव्हाची. तेव्हा आमच्याकडं पोर्तुगीज होते, म्हणजे कोल्हापूर मला परदेशच. नाक्यावर ट्रंक उघडून दाखवायची आणि मग घाट चढायचा. घरी आई एकटी. वडील मी लहान असतानाच गेलेले, आणि मला ना भाऊ ना बहीण.

कोल्हापुरात एका डॉक्टरांनी मला कंपाउंडर म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच — वर्षाच्या आत मराठी बोलता, लिहिता, वाचता आली पाहिजे. "गोळी कधी घ्यायची ते पेशंटला पोर्तुगीजमधनं सांगणार काय तू?" असं म्हणाले. नोकरी पक्की झाली की खोली मोठी घ्यायची आणि आईला कायमची इकडं आणायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हातारपणी ती एकटी पडू नये, दुसरं काही मला नको होतं.

आता राहायचं कुठं? तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे बोर्डिंगांचं गाव. मराठ्यांचं निराळं, जैनांचं निराळं, लिंगायतांचं निराळं, मुसलमानांचं निराळं. जाईन तिथं पहिला प्रश्न — "पावणं, तुमी कुठलं? कोन म्हनायचं?" सांगितलं की सगळे एकमेकांकडं बघायचे. हाकललं कुणीच नाही हो, उलट गूळपाणी दिलं. पण माझ्यासारख्याची खोली कुणाकडंच नव्हती.

शेवटी दोन जागा उरल्या. एक, साहेबांच्या बंगल्यांवर स्वयंपाकी असलेल्या आमच्या गोवेकर मंडळींची चाळ. तिथं दिवसभर कोकणी, रोज भात आणि माशाचं कालवण. दुसरी, रविवार पेठेतल्या एका बोळात दस्तगीरचाचांच्या घराची पुढची खोली. मला मराठी शिकवायला एक पंतोजी धरले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "भाषा शिकायला आलायस का मासे खायला? गोवेकरांत राहिलास तर जन्मात मराठी येणार नाही." मला ते पटलं. मी ट्रंक उचलली आणि बोळात गेलो. त्या वेळी मी चाळीत गेलो असतो तर... जाऊ दे.

दस्तगीरचाचा टांग्यांच्या गाद्या आणि वरचे कापडी टप शिवायचे. बोळाच्या तोंडाशी दुकान, मागं घर. माणूस मोठ्या आवाजाचा आणि लोण्यासारखा मऊ. घरात ते, चाची आणि सून. मुलगा फौजेत. माझी खोली रस्त्याकडंची. तिच्या आत मधली खोली, तिच्यामागं अंगण, अंगणापलीकडं चूल. माझ्या आणि मधल्या खोलीच्या मधे दार नव्हतंच, खारव्याच्या जाड लाल कापडाचा पडदा होता.

पहिल्याच दिवशी चाचांनी सांगितलं, "लुईसराव, घरात गोषा हाय. पडद्याकडं बगायचं न्हाय, हात लावायचा न्हाय. ताट खालनं सरकवतील, जेवायचं, परत सरकवायचं. काय पायजे असंल तर हितनंच बोला, बायका आतनं उत्तर देतील."

मी मान हलवली. परक्याच्या घरी राहायचं तर त्यांच्या रीतीनं राहायचं, हे आईनं शिकवलेलं. त्या घरात मी राहिलो तेवढ्या काळात चाचीचा किंवा सुनेचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही. चाचीचा आवाज तेवढा माहीत, तोही खोकल्यासारखा.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, मी कंदील लावून पंतोजींचा धडा मोठ्यानं वाचत होतो. चुकलो. पडद्याआडून एक म्हातारा, प्रेमळ आवाज आला, "असं न्हाय लेकरा. परत म्हन."

मी परत म्हटलं. "आता बराबर," आवाज म्हणाला.

मला वाटलं, चाचांची आई असणार. विचारलं नाही. गोषातल्या बाईबद्दल 'ही कोण' असं त्या घरातल्या पुरुषाला विचारणं म्हणजे कानाखाली खायचीच तयारी. मी तिला आजी म्हणायला लागलो. रोज दिवे लागले की ती यायची. आवाज खालून यायचा, जमिनीवर बसून बोलावं तसा. बांगडीचा आवाज कधी आला नाही, पावलांचाही नाही. आणि एक गोष्ट मला तेव्हा दिसायची, पण तिचा अर्थ लागायचा नाही. कुणी पडद्याला तोंड लावून बोललं तर श्वासानं कापड बाहेर फुगायला हवं. ते आत जायचं.

तिची शिकवायची पद्धत सोपी होती. एक वस्तू सांगायची, तिचं मराठी नाव माझ्याकडून घोटून घ्यायची आणि मग विचारायची, "तुमच्यात काय म्हनत्यात ह्याला?" मी सांगायचो. ती तो शब्द दोनदा-तीनदा हळू घोळवायची, चॉकलेट चघळावं तसा. दिव्यापासून सुरुवात झाली. मग मीठ, पाणी, उशी, विहीर. मग पाऊस, ताप, रडू, झोप. मलाही बरं वाटायचं. परमुलखात आपली भाषा कुणाला तरी ऐकावीशी वाटतेय, याचं कौतुक वाटायचं.

मराठी अशी आली की विचारता सोय नाही. पंतोजी चाट पडले. एकदा कान देऊन ऐकत म्हणाले, "अरे, हे शब्द माझी पणजी बोलायची. तू कुठनं उचललेस?" मी म्हटलं, घरमालकांच्या आईकडून. डॉक्टरांनी सहा महिन्यांतच कामावर घेतलं. मी आईला पैसे आणि निरोप पाठवला, की ये.

त्याच सुमारास आजी रोज एकच प्रश्न विचारायला लागली. "आई घरात तुला काय म्हनून हाक मारती?"

माझं एक घरातलं नाव होतं. आई ते फक्त आम्ही दोघंच असताना घ्यायची, मी आजारी असलो की, किंवा झोपताना. बाहेरच्यांसमोर कधी नाही, दृष्ट लागेल म्हणून. मलाही तिनं ते कुणाला सांगायचं नाही असं बजावलेलं. म्हणून मी हसून विषय बदलायचो. आजी म्हणायची, "बरं, उद्या सांग." दुसऱ्या दिवशी परत तेच. आवाज तसाच प्रेमळ, पण आता दिवे लागायची वेळ मला नकोशी वाटायची. मी उगाच दुकानात चाचांजवळ जाऊन बसायला लागलो.

एका संध्याकाळी डिस्पेन्सरीतून आलो तर आई पायरीवर बसलेली. निरोप मिळाल्याबरोबर गाडीवानाबरोबर निघालेली. बाजूला टोपली, सुके बांगडे, नारळ. मला बघून ती उठली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागली.

मला एक अक्षर समजलं नाही.

मी थकलोय म्हणून असेल असं वाटलं. तिला परत बोलायला लावलं. ती हसून परत बोलली. नुसता आवाज. अहो, कोकणी ऐकली तर कोल्हापुरातल्या कुणालाही निम्मीअर्धी समजते, मराठीची बहीणच ती. मला तेवढीही समजेना. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर मराठीच आली. आईला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिचं हसू गेलं. माझ्या कपाळाला हात लावून ती काहीतरी विचारत राहिली आणि मी वेड्यासारखा तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. आईची भाषा मेली होती माझ्यात, आणि कधी मेली ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

तिला आत बसवून मी दुकानाकडं पळालो. चाचा माझी अवस्था बघून सुई टाकून उठले. आम्ही दारात आलो तर आई पडद्याला लागून बसलेली. मोकळेपणानं बोलत होती, हसत होती, डोळे पुसत होती. आणि पडद्यामागून तिला उत्तरं मिळत होती... तिच्याच भाषेत.

चाचा कुजबुजले, "आत कोन हाय?"

"तुमची आई," मी म्हणालो.

"माझी आई?" त्यांनी माझा दंड धरला. "लुईसराव, मला जन्म देताना गेली ती. आनि बायका तर आज सकाळीच मिरजेला लग्नाला गेल्यात. घरात कुनीबी न्हाय."

पडद्यामागचा आवाज काहीतरी विचारत होता. शब्द मला कळत नव्हते, पण त्या प्रश्नाची चाल रोजच्या ओळखीची होती. चाचांना अर्धवट समजत होतं. त्यांनी पुटपुटत सांगितलं, "ती म्हनती, पोराला घरात काय म्हनून हाक मारतीस?"

आईला गावाकडची मैत्रीणच भेटल्यासारखं झालेलं. पोरगं असं विचित्र वागतंय, त्या दुःखात कुणीतरी आपलं बोलणारं मिळालेलं. ती पुढं वाकली आणि कानात सांगावं तसं तोंड पडद्याशी नेलं. पडदा आत ओढला गेला होता, तोंडाएवढा.

मी झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. तसाच, जोरात. तिचा ओठ दातावर आपटून फुटला. तिला ओढत बोळात आणलं. ती रडत होती, आणि माझ्याकडं ती ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी आजतागायत विसरलेलो नाही. आई, मी तुला वाचवतोय, एवढंच मला सांगायचं होतं. ते सांगायला माझ्याकडं शब्द नव्हता.

आत चाचांनी पडदा ओढून तोडला. मागं मधली खोली, काथ्याचे गठ्ठे, टपाचं कापड. अंगणाकडच्या दाराला आतून कडी. बाकी काही नाही.

चाची मिरजेहून आल्यावर चाचांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमास्नी वाटायचं, पोरगं धडा घोकतंय. एकट्याचाच आवाज यायचा की." भाषा शिकणारा माणूस एकटा बडबडतोय यात कुणाला काय वावगं वाटणार? आणि पडद्यामागं कोण आहे हे मी कसं बघणार? आम्ही सगळेच आपापल्या जागी रीतीनं वागलो.

आई राहिली नाही. गाडीत बसताना ती जे बोलली ते चाचांनी मला जमेल तसं सांगितलं. "त्या म्हनत्यात, आतली बाई माझ्या लेकासारखी बोलत हुती. माझ्या लेकासारखी, आनि हा कोन हाय ते मला ठावं न्हाय." चाचांचेही डोळे भरले होते. मी दुसऱ्या दिवशी खोली सोडली.

मी कोकणी परत शिकायचा प्रयत्न केला. चाळीतल्या गोवेकरांकडून, गावच्या पाद्र्याकडून. शब्द तोंडात असेपर्यंत असतो, उंबरा ओलांडला की गेला. पोर्तुगीज शाबूत, इंग्रजी आली, कानडीही थोडी आली. हीच येत नाही. डॉक्टरांनी डोकं तपासलं, जिभेखाली बघितलं. ते म्हणाले, मेंदूत काही बिघाड असेल. असेलही. मग आईनं ऐकलेला आवाज कुणाच्या मेंदूतला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढं माझं लग्न झालं, इथंच. आमच्या घरात एकाही दाराला पडदा नाही. बायको चिडते, लोक हसतात, मी ऐकत नाही. तरी गेल्या पावसाळ्यात एकदा दिवे लागायच्या सुमाराला आतून बायकोचा आवाज आला, "अहो, सासूबाई तुम्हाला घरात काय म्हणायच्या?" मी पेपर वाचत होतो. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बायको भाजीची पिशवी घेऊन रस्त्यावरून दारात आली.

मी दरवर्षी आईकडं जायचो. ती मासे तळायची, मी जेवायचो. समोरासमोर बसायचो दोघं. तिनं माझ्यावरचा राग सोडला होता, एवढं तिच्या हातावरून कळायचं. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी होतो. ती पुष्कळ बोलली. काही सांगत होती, मधेच काही मागत असावी, मला कळलं नाही. शेजारीण मराठीत समजावू लागली तर आईनं हातानं तिला बाहेर घालवलं. मग खोलीत आम्ही दोघंच राहिलो, आणि तिनं मला त्या नावानं हाक मारली. तेवढं मला समजलं.

ह्याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. संपादकांनी लेख वाचून सुचवलं, ते नाव शेवटी घातलंत तर वाचकांना बरं वाटेल. बरं वाटेल, मान्य आहे. पण आईच्या भाषेतलं माझ्याकडं तेवढंच उरलंय, आणि कोण कोण वाचतं ते मला माहीत नाही. ते मी लिहिणार नाही.