सायलीची पगारवाढ आणि माझी दुबई

आता तुम्हाला सांगू की नको, असा विचार करत होतो. पण चहा ओतलाच आहे तर ऐका. फक्त घोट गिळून मग हसा. मागच्या वेळी एकाच्या नाकातून चहा आला होता.

माझी भाची सायली ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते तपासायचं आणि ज्याला येत नाही त्याला कानाचं मशीन बसवून द्यायचं. भाईंदरला इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगीत मी तिला ‘कानाची डॉक्टर’ करून टाकलंय. ती दर वेळी म्हणते, “मामा, डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट!” अगं, पण तो शब्द बोलून होईपर्यंत लिफ्टमध्ये माझा मजला येतो!

केबिन रोडवर मेहता मॅडमचं छोटं क्लिनिक आहे. सायली तिथे तीन वर्षं काम करतेय. पगार चोवीस हजार. हाटकेशला भाड्याचं घर, घरात ती आणि माझी ताई, म्हणजे तिची आई. दोघीच. परवा घरमालकाने भाडं वाढवलं आणि पोरगी माझ्याकडे येऊन बसली.

“मामा, इथे पगार नाही वाढला तर मला लांब कुठेतरी जावं लागेल. आईला एकटं ठेवून.”

मग तिने मला तिच्या धंद्यातला भूगोल समजावला. तोच कान, तीच टेस्ट, तेच मशीन. पण दहिसरचा चेकनाका ओलांडून मुंबईत शिरलं की पगार वाढतो. वांद्र्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आणखी वाढतो. दुबईला तर विचारूच नका. उलट कोकणात गेलं की उतरतो, पण राहायला क्वार्टर मिळते.

“कान तेवढाच ना गं? मग चेकनाक्यावर त्याला काय होतं?”

“कानाला काही होत नाही, मामा. भाड्याला होतं.”

“थांब. मी बोलतो तुझ्या मॅडमशी.”

सायली दचकलीच. “आईची शपथ घे! तू पगारातला ‘प’ पण काढायचा नाहीस. मी बोललेय त्यांच्याशी. त्या विचार करतायत.”

आता मला सांगा, घासाघीस करण्यात माझा हात कोण धरणार? मी मूळचा रत्नागिरीचा, पण तयार झालो भाईंदरच्या मासळीबाजारात! दर रविवारी उत्तनच्या मार्थामावशीसमोर उभा राहतो. माझी एक पद्धत आहे. घरातून निघाल्यापासून आपला शेवटचा आकडा ओठात घोळवत राहायचं. ‘चारशे, चारशे, चारशे...’ म्हणजे भांडणाच्या भरात विसर पडत नाही. आणि टोपलीसमोर गेलो की तोंडाने म्हणायचं, दोनशे! पण चमत्कार बघा, मावशी दर वेळी चारशेवरच येऊन थांबते. “चारशेच्या खाली न्हाय रे बाबा!” बाई मनकवडी आहे, दुसरं काय! असो.

तर शपथ मी पाळली. मी मॅडमकडे पगाराचं बोलायला गेलोच नाही. मी गेलो कान तपासायला! हाटकेशच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे मी. पंचवीस वर्षं मशीनची घरघर. कान तपासायला नकोत? आणि त्या सकाळी सायली एका आजोबांच्या घरी मशीन बसवायला गेलेली, हा निव्वळ योगायोग. मी तो आदल्या रात्री तिला विचारून ठेवला होता.

“आवो आवो! सायलीचे मामा ना? बसा,” मॅडम म्हणाल्या. गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा, आवाज गोड, नजर मात्र मार्थामावशीची.

मी हवापाण्याबद्दल बोलावं तसा सहज बोललो, “सायलीला दुबईहून फोन येतायत हं, मॅडम.”

“दुबई?”

“शेख आहे एक. स्वतःचं हॉस्पिटल. समुद्रात.”

“समुद्रात?”

“काठावर,” मी जरा मागे सरकलो. “वांद्र्याचे लोक गाडी पाठवतो म्हणतात. दहिसरवाल्यांना तर मीच थोपवून धरलंय.”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, “अच्छा. चला, पहिले तुमचे कान बघू.”

आत एक केबिन होती. कपाटाएवढी. जाड दार, एक छोटी काच, एक खुर्ची. मॅडमनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. “बारीक आवाज आला की दाबायचं. कितीही हळू आला तरी दाबायचं. बस.” आणि दार लावून घेतलं.

काय सांगू तुम्हाला... भाईंदर गेलं!

रिक्षा गेल्या. हॉर्न गेले. समोरच्या टॉवरचं ड्रिल गेलं. कांदे-बटाटेवाल्या टेम्पोचा भोंगा गेला. माझी पन्नाशी उलटली, पण अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आधी माझा श्वास ऐकू आला. मग नाडी. मग, खोटं नाही सांगत, सकाळी खाल्लेले पोहे! आणि फार फार लांबून, काळोखात एखादा काजवा चमकावा तसा एक आवाज आला. टुक. मी बटण दाबलं. परत अंधार, परत काजवा. डोळे कधी मिटले, देव जाणे.

बघतो तर मी होडीत. खाडीचं पाणी दुधासारखं संथ. पुढे टोकावर सायली, पांढरा कोट वाऱ्यावर उडतोय. होडी आपोआप चाललेली. खाडी सोडली, उत्तनला वळसा घातला, दक्षिणेला निघालो. पाण्यातून जाताना चेकनाका लागत नाही, हे मला तेव्हा कळलं! गोराई आली. टुक. सायलीचा पगार वाढला. मी बटण दाबलं. वर्सोवा आलं. टुक. “चल, वांद्र्याला घे!” मी ओरडलो, आणि वांद्र्याच्या दिव्यांपाशी तर टुक टुक टुक, पायऱ्या चढाव्यात तसा पगार चढत गेला. मग पाणीच सोन्याचं झालं. दुबई! शेख हात जोडून उभा. त्याच्या खांद्यावर ससाणा, ससाण्याच्या कानालासुद्धा सायलीने बसवलेलं मशीन. ताई एसीत बसून बांगडे तळतेय आणि त्या वासाने अख्खी दुबई भुकेली झालीय.

पण होडी काही थांबेना. हळूच वळली आणि कोकणात आली. पगार उतरला, पण आंब्याला मोहोर आलेला. एका म्हाताऱ्या आजीला सायलीने मशीन लावलं. आजीने आधी पानांची सळसळ ऐकली आणि किती वेळ नुसती ऐकतच राहिली. वाटलं, इथेच राहू दे पोरीला. पगार अर्धा, झोप दुप्पट!

तेवढ्यात लांब, धुक्यात, हाटकेशच्या त्यांच्या घराची खिडकी दिसली. खिडकीत ताई एकटी उभी. तिच्यासमोरचं जेवणाचं ताट झाकलेलं.

होडी मी परत फिरवली, राव! आणि सवयीप्रमाणे आकडा ओठात घेतला. चांगला मोठ्याने घेतला. बंद पेटीत कोण ऐकतंय? “मागायचे पन्नास, पण तीस. तीस मिळाले तरी पोरगी कुठे जात नाही. तीस, तीस, तीस. शेख काय, मीच जन्माला घातलाय. तीस मिळाले की त्याचं दिवाळं काढून टाकू. तीस, तीस...”

दार उघडलं. समोर मेहता मॅडम. त्यांच्या मागे, हातात हेल्मेट घेऊन, सायली. चेहरा असा लाल, की काश्मिरी मिरची फिकी!

“मामा, झोप झाली?” मॅडमनी विचारलं.

“कान कसे आहेत?”

“कान फर्स्टक्लास. पण आवाज नसताना तुम्ही एकवीस वेळा बटण दाबलं. वांद्र्याला तर लाइनीत पाच वेळा.”

“वांद्र्याला? तुम्हाला कसं...”

मॅडमनी काचेखाली बोट दाखवलं. वाटाण्याएवढा माइक. “बाहेरचा आवाज आत नाय जात, मामा. पण आतला माझ्या कानात येतो. पेशंट घाबरला, काय बोलला, तर कळायला पाहिजे ना? सायली पण पंधरा मिनिट झाली येऊन. दोघींनी ऐकलं.”

“मामा, हे मी तुला दहा वेळा सांगितलंय!” सायली दात-ओठ खाऊन म्हणाली.

“सांगितलं असशील गं. तेव्हा मीच बोलत असेन.”

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्थामावशी मनकवडी वगैरे काही न्हाय! तिला नुसतं नीट ऐकू येतं!

मॅडमनी ड्रॉवर उघडून एक कागद काढला. “हे कालच टाइप केलं. पहिल्या तारखेपासून छत्तीस. फक्त साइन बाकी होती.” पेनाचं टोपण काढून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आता मामा बोलतात, तीसमध्ये पण कुठे जात नाही. तर मी काय करू?”

सायलीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भाडं होतं, ताई होती, खिडकी होती. आयुष्यभर लोकांना थापा मारल्या, पण गरजेच्या वेळी एक सुचेल तर शपथ! घसा खाकरून मी एवढंच म्हणालो, “मॅडम... ते तीस, तो शेख बोलला.”

मॅडमचा चष्मा हलायला लागला. मग साखळी. मग खुर्ची. डोळे पुसत त्यांनी सही केली. छत्तीस! “हिच्याकडे बघून साइन केली. तुमच्याकडे बघितलं असतं ना, तर वीस लिहिले असते.”

सायली धावत बाहेर गेली, ताईला फोन लावायला. मीही हळूच चपला घातल्या.

“मामा, टेस्टचे पैसे?”

“अहो, सायली म्हणाली होती, घरच्यांना फुकट...”

“भाईंदरच्या पेशंटला फुकट,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “पण आमच्या लाइनीत गावाप्रमाणे रेट बदलतो. माहीत आहे ना तुम्हाला?”

काय करणार? खिसा रिकामा केला. बाहेरच्या टेबलावरून पावती मिळाली, ती न बघताच घडी करून रिक्षात बसलो. इंद्रलोकच्या वळणावर उघडली. नाव माझं. वय बरोबर. पत्ता : दुबई.

आणि अक्षर सायलीचं.