त्याची ओळ संपण्याआधी

कॉलेजच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या वर्गात, मी गेले, ते कलेचा एक विषय घ्यावाच लागतो म्हणून. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कुठला विषय घेऊ, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. माझ्या वेळापत्रकात तेवढाच तास मोकळा होता आणि त्या तासाला कॉयर होता.

तिथे मला तो भेटला. भेटला म्हणजे, त्याला जाऊन चारशेच्या वर वर्षं झाली आहेत. स्पेनमधला संगीतकार. लहानपणी चर्चमध्ये गाणारा मुलगा, मग आवाज फुटला आणि त्याला शिकायला रोमला पाठवलं. तिथेच तो मोठा झाला, पाद्री झाला, नाव झालं. आणि मग त्याला घरी जावंसं वाटायला लागलं. परत येऊन एका मठात तो शेवटपर्यंत ऑर्गन वाजवत राहिला. त्यानं आयुष्यभर फक्त प्रार्थनाच रचल्या. हे सगळं आमच्या कॉयरच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत ऐकत होते. पार्किंगमध्ये मेपलची पानं पडत होती आणि मला उगाचच वाटत होतं, की बोटीतून परत जाणारा तो माणूस मला दिसतोय.

त्याची एक चार आवाजांची लॅटिन प्रार्थना आम्ही हिवाळ्याच्या कार्यक्रमात गाणार होतो. ती पूर्ण कॉयरनं गायची नव्हती. प्रत्येक आवाजाला एकच माणूस. बायकांचा खालचा आवाज, म्हणजे अल्टो, बाईंनी मला दिला. मला एवढा आनंद झाला, की तो कुणाला कसा सांगावा तेच कळेना. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "एकटीच? मग घसा सांभाळ. आइस्क्रीम बंद."

सूर लवकर पाठ झाले. अडत होतं एकाच जागी. गाणं सुरू करायचा तो टेनरचा मुलगा, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज. त्याची तीच चाल थोड्या वेळानं मी उचलायची, मग सोप्रानोनं, म्हणजे बायकांतल्या वरच्या आवाजानं, आणि शेवटी बासनं, पुरुषांतल्या खालच्या. मला ते ओळखीचं वाटलं होतं. आमच्या गावात, नोव्हायमध्ये, दर शनिवारी कुणा ना कुणा मराठी घराच्या बेसमेंटमध्ये भजन असतं. तिथल्या काकू मोठ्या कंपन्यांत इंजिनिअर आहेत आणि माझी आई त्यांना पोळ्या करून देते, पण भजन आईच सांगते. ती ओळ म्हणते, ती संपली की आम्ही सगळ्या उचलतो. लहानपणापासून माझ्या अंगात तेच मुरलंय.

पण इथे टेनरची ओळ संपायच्या आत यायचं होतं. तो गात असतानाच. आणि मी दर वेळी त्याची वाट बघत राहायची. तो श्वास घ्यायचा, मी सुरू करायची, आणि तोवर सोप्रानो गोंधळून माझ्याकडे बघत असायची.

"तो अजून बोलतोय, तेव्हाच तू आत ये," बाई म्हणाल्या. "त्याला राग येणार नाही."

"मला खरंच राग येत नाही," टेनरचा मुलगा म्हणाला. "मला फक्त एकटं वाटतं."

सगळे हसले. मीही हसले, पण पुढच्या वेळीही उशिराच आले. तास संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. त्या रागावल्या नव्हत्या. सोमवारी जमलं नाही तर माझ्यासोबत आणखी एक मुलगी उभी करू, म्हणजे ती आत आली की मलाही येता येईल, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली. बसमध्ये बसल्यावर मला समजलं, की मला ते मुळीच नको होतं.

त्या शनिवारी घरी गेले. आई पोळ्या लाटत होती. मी तिला टेनरची चाल शिकवली. लॅटिन शब्द तिला नको होते, ती 'आ'कारातच म्हणायला लागली, आणि काय गोड म्हणायला लागली! मी मध्येच माझी ओळ धरली. आई लगेच गप्प.

"आई, थांबायचं नाही!"

"अगं, तू सुरू केलंस ना? मग मी मध्ये कशी गाऊ?"

पुन्हा केलं. पुन्हा ती थांबली. मग ती न थांबता गायली, तर मीच थांबले. बाबा सिंकपाशी भांडी विसळत होते. ते रेस्टॉरंटमध्ये दिवसभर स्वयंपाक करतात आणि घरी आल्यावर भांडी तेच घासतात, म्हणतात हात मोकळे होतात. ते मागे न बघताच म्हणाले, "भांडताना बरं कुणी थांबत नाही! फोनवर दोघी एकदमच बोलता, आणि दोघींना सगळं कळतं."

आई लाटणं उचलून त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. "चल," ती मला म्हणाली, "भांडू या."

आणि आम्ही गायलो. ती पुढे गेली, मी तिच्या मागून निघाले, आणि ती थांबली नाही. तव्यावरची पोळी थोडी जळली. दोन्ही आवाज स्वयंपाकघरात वेगवेगळे फिरत होते आणि तरी एकत्र होते. मला वाटलं, रोममध्ये बसून त्या संगीतकारालाही घरातले आवाज असेच ऐकू येत असतील, एक संपायच्या आत दुसरा. हे खरं नसेलही. पण मला तसं वाटलं.

सोमवारी मी वेळेवर आत आले. बाईंनी फक्त पान उलटलं. दुसरी मुलगी उभी करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

कार्यक्रमाला आईबाबा आले. आई कोट न काढता दुसऱ्या रांगेत बसली होती. मांडीवर हातानं ताल धरायचा तिनं प्रयत्न केला, पण सम कुठे सापडेना, तेव्हा तिनं हात तसाच उघडा ठेवला. टेनरनं सुरू केलं. मी त्याच्या ओळीच्या मधोमध पाऊल टाकलं, आणि तो माझ्याखालून वाहत राहिला.

घरी जाताना बर्फ पडत होतं. बाबा हळू गाडी चालवत होते. पुढच्या सीटवर बसलेल्या आईनं काचेकडे बघत टेनरची चाल गुणगुणायला घेतली. मी तिची ओळ संपायची वाट बघितली नाही.