शनिवारी फिरवलेला स्क्रू

तो स्क्रू मी फिरवला होता. पाय माझा मोडला आणि नाव सॅम्युएलकाकांचं गेलं. एका वाक्यानं ते वाचलं असतं. ते वाक्य बोलायला मला सात वर्षं लागली.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होतो. बरोबरचे डॉक्टर सुट्टीत स्कॉटलंडला स्कीइंगला जात. काही दिवस तारेवरच्या लिफ्टनं वर नेणाऱ्या उतारावर, मग दोन दिवस लिफ्ट सोडून स्कीवरूनच डोंगर चढायचा. बूट स्कीला धरून ठेवणारी धातूची पकड, म्हणजे बाइंडिंग, दोन्हीला चालेल अशी हवी होती. खेळाच्या सामानाच्या दुकानात तळघराकडे बोट दाखवलं गेलं. खाली पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ वरून दिलेल्या चिठ्ठीवर माझं नाव वाचून मराठीत म्हणाले, "डॉक्टर, वजन खरं सांगा. इथं सगळे कमी सांगतात."

हेच सॅम्युएलकाका, मुंबईचे मराठी ज्यू. तिकडे गिरणीत फिटर होते. सांगितलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नसे. ते काट्यावर उभं करत आणि पोटरी हातानं चाचपून बघत. "चढताना टाच मोकळी, उतरताना टाच बांधलेली, आणि पडताना सगळंच सुटलं पाहिजे," हे त्यांचं नेहमीचं. मी हलकी बाइंडिंग मागितली. त्यांनी जड दिली. "तुम्ही चढणार दोन दिवस आणि पडणार रोज," म्हणाले. मग बूट अडकवून, पकड सैल-घट्ट करणारा स्क्रू फिरवत, हाताच्या तळव्यानं बाजूनं ठोसे मारत बसले. हवा तेवढ्या जोरालाच तो सुटायला लागला, तेव्हा स्क्रूवरून बाइंडिंगवर बायकोच्या नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शहराबाहेरच्या, बर्फाऐवजी प्लास्टिक अंथरलेल्या उतारावर सरावाला गेलो. माझी स्की दोनदा सुटली. मित्र हसले. शनिवारी सकाळी मी स्की खांद्यावर टाकून काकांच्या घरी गेलो. दुपारी स्कॉटलंडची बस सुटणार होती. त्यांच्या बायकोनं आदल्या दिवशी थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा दिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"आज शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार. आज मी हत्यार धरत नाही," ते म्हणाले. "आणि उद्या आलात तरी घट्ट करणार नाही. तुम्ही पडलात, ती सुटली. अजून काय पाहिजे?"

मी खोलीवर आलो आणि स्क्रूड्रायव्हरनं दोन आटे पिळले.

स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याच दिवशी पडलो. स्की सुटली नाही, नडगी मोडली. मँचेस्टरला परतल्यावर, पाय प्लास्टरमध्ये असताना दुकानाचे मालक भेटायला आले. बाइंडिंगला आणखी कुणी हात लावला होता का, एवढंच त्यांनी विचारलं. मित्र पलंगाशी उभे होते. मी नाही म्हणालो. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. नंतरही बरेच दिवस वाटलं नाही.

काकांना तळघरातून वर आणलं. ते मोजे आणि हातमोजे विकू लागले. त्यांच्या हातची बाइंडिंग लागलेल्या स्की पुन्हा तपासल्या गेल्या, असं कानावर आलं. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

ते निवृत्त झाल्यावर एका मंगळवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं.

"माहीत आहे," काका म्हणाले. "स्की परत आली तेव्हा लाल रेघ तुटलेली होती."

मग दाखवली का नाही, असं मी विचारलं.

"पाय मोडलेल्या माणसाला खोटं पाडायचं? म्हटलं, बरे झालात की तुम्हीच सांगाल."

त्यांनी कोट चढवला. मला सांगून काय उपयोग, म्हणाले, मालकांना सांगा. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो.

मालक थकले होते. त्यांच्या घरी, बैठकीच्या खोलीत मी सगळं इंग्रजीत सांगितलं: शनिवार, स्क्रूड्रायव्हर, पलंगावरून बोललेलं खोटं. त्यांनी काकांकडे बघितलं. मग मी काकांकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो, आणि सात वर्षं ते तसंच राहू दिलं. मला माफ करा."