फडक्याआडचा गुंडू

आमच्या शहापुरातल्या यमनाप्पाला कुणी विचारलं, "सिनेमात तू नेमका कोण होतास?" तर तो आधी खाकरतो, मग लुंगी सावरतो आणि म्हणतो, "मी लई जण हुतो." लोक हसतात. पण माणूस खोटं बोलत नाही. तो खरंच लई जण होता, आणि तेच शेवटी त्याच्या गळ्याशी आलं.

यमनाप्पा पॉवरलूमवर साड्या विणतो. बापही तेच करायचा. तरुणपणी मात्र त्याच्या अंगात कराटेचं भूत शिरलं होतं. रविवारी सकाळी खासबागेत क्लास असायचा. तो आणि त्याचा दोस्त गुंडू मागावरून उतरून तसेच तिकडं पळायचे, केसांत सुताचा भुगा घेऊन. दोघांची उंची सारखी, अंगकाठी सारखी, आणि शेडमध्ये दोघांचे माग शेजारी शेजारी. एकाला हाक मारली की दुसरा बघायचा.

वीसेक वर्षांपूर्वी हुबळीकडचा एक निर्माता त्या क्लासवर आला. त्याला मारामारीचा पिक्चर काढायचा होता आणि खलनायकाची फौज हवी होती. फौज म्हणजे पाच जण. पाचांचे पन्नास दिसावेत म्हणून त्यानं सगळ्यांच्या तोंडाला काळं फडकं बांधलं. एका सीनमध्ये मेलेला गडी दुसऱ्या सीनमध्ये उठून पुन्हा मार खायला तयार. शेवटची मारामारी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत झाली. तिथं तंबाखूच्या धुळीनं सगळे शिंकून शिंकून बेजार झाले, आणि पुढं त्या शिंकांच्या जागी आरोळ्या भरल्या. यमनाप्पा हे सगळं फार रंगवून सांगायचा.

पिक्चर थेटरला लागलाच नाही. सरळ सीडीवर आला. मी साईनाथ, माझं खडेबाजारात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तेव्हा मी त्या सीड्या विकल्याही आहेत. कव्हरवर एका बाजूला कन्नडमध्ये एक नाव, दुसऱ्या बाजूला मराठीत दुसरंच. आतली कथा मला आजवर कळलेली नाही. पहिल्या सीडीत गुंड ज्या बहिणीला पळवून नेतात, ती दुसऱ्या सीडीत वकील होऊन कोर्टात उभी असते. मधलं काय झालं ते निर्मात्याला माहीत.

गुंडू कोरोनात गेला. लग्न केलं नव्हतं, घरात आई आणि तो. दवाखान्यातून त्याला गुंडाळूनच स्मशानात नेलं. त्याच्या आईला, मनुबाईला, तोंड बघायला मिळालं नाही. घरात त्याचा एक फोटो आहे, आधार कार्डासाठी काढलेला, त्यात तो कुणीतरी दम दिल्यासारखा दिसतो. मोबाईल बटणांचा, त्यात व्हिडिओ कुठला. दुसऱ्यांच्या लग्नातल्या शूटिंगमध्ये शोधावं, तर हा कायम भात वाढायला आत.

या उन्हाळ्यात मनुबाईला कुणीतरी सांगितलं की तुझा गुंडू पिक्चरमध्ये आहे. ती त्याच दिवशी यमनाप्पाच्या दारात येऊन बसली.

"यमना, माझं पोरगं एकदा हलताना-चालताना दाखव," ती म्हणाली. "फोटू लई बघितला. फोटू काय हलत न्हाय."

यमनाप्पा म्हणाला, "दाखवतो की मावशी, त्यात काय." असं बोलून बसला आणि फसला.

सीडी घेऊन तो माझ्या दुकानात आला. आता सीडी लावायचं यंत्र कुणाकडं असतं? मी भंगारातनं एक खटपटीनं चालू केलं, पिक्चर पेनड्राइव्हवर उतरवला आणि आम्ही दोघं बघायला बसलो. गुंडू कुठं कुठं आहे ते आधी नक्की करून ठेवावं, एवढाच हेतू.

"ह्यो गुंडू," यमनाप्पा एका काळ्या फडक्यावर बोट ठेवून म्हणाला. तो गडी पाण्यात पडला. "न्हाय न्हाय, पाण्यात मी पडलतो. मला सर्दी झालती." मग दुसरा दाखवला. तो डावखुरा निघाला, आणि गुंडू डावखुरा नव्हता. तिसरा गुंडूच, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला, पण त्याच वेळी मागच्या खांबाआडनं तसाच आणखी एक आला. यमनाप्पानं डोकं धरलं.

"अरं मर्दा, ह्यात मीच मला वळखंना झालोय," तो म्हणाला.

मी वैतागलो. माझ्याकडं गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हटलं, "अण्णा, कुठलातरी एक दाखव आणि मोकळा हो. म्हातारीला काय कळतंय?" त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं. पोराचं तोंड एकदा झाकलेलं बघितलंय तिनं, आता तिला भलताच माणूस दाखवायचा का, असं तो पुटपुटला. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण कबूल करायची आपली सवय नाही.

रविवारी दुपारी आम्ही मनुबाईच्या घरी गेलो. पूर्वी ती पोरांच्याच शेडमध्ये कांड्या भरायची, अजून घरी भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसतात त्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळते. तिनं चरखा भिंतीला सारला होता, लुगडं बदललं होतं आणि टीव्हीपुढं आमच्यासाठी चटई घातली होती. मी पेनड्राइव्ह लावला. यमनाप्पा तिच्या शेजारी मांडी घालून बसला, परीक्षेला बसल्यासारखा.

पहिला तासभर ती दर फडक्याला विचारत होती, "ह्यो का?" आणि यमनाप्पा "न्हाय की," "असंल बघ," "थांब जरा," असं काहीबाही बोलत होता. मारामारी सुरू झाली की ती पदर तोंडाला लावायची. एकदा एकाच वेळी चौघं आडवे झाले, तेव्हा तिनं चौघांसाठी हळहळून घेतलं. मला ते बघवेना. उठून जावं तर दाराकडं चपला घालताना दिसणार, म्हणून बसून राहिलो.

मग निपाणीची वखार आली. नायकापुढं फौज ओळीनं उभी राहिली आणि फडकेवाले एकमेकांना हातानं खुणा करायला लागले. निर्मात्यानं म्हणे त्यांना सांगितलं होतं, मारेकऱ्यांची काहीतरी गुप्त खूण करा. फौजेतले पाचही जण मागावरचेच, आता विणकरांना कुठली गुप्त खूण येणार? शेडमध्ये मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातानंच बोलतात. तेच त्यांनी पिक्चरमध्ये केलं. एका मारेकऱ्यानं मिशीवर बोट फिरवलं, म्हणजे मालक आला. दुसऱ्यानं बशी तोंडाला लावल्यासारखं केलं, म्हणजे चहा आला का. मला हसू आवरेना.

तेवढ्यात तिसऱ्यानं मूठ पुढं केली, अंगठा वर काढला आणि मनगट दोनदा फिरवलं. कांडी संपली, दे.

मनुबाई ताठ बसली. "त्यो बघ," ती म्हणाली. "कांडी मागतोय. माझा गुंडू."

मी यमनाप्पाकडं बघितलं आणि मला कळलं. त्याचा चेहरा उतरला होता. सगळ्या पिक्चरमध्ये त्याला कुठंच काही ओळखू आलं नव्हतं, तेवढ्या एका ठिकाणी पक्कं ओळखू आलं होतं. कांडी मागणारा तो स्वतः होता. कसं ते त्यानं मला नंतर परतीच्या वाटेत सांगितलं: शिंकांनी डोळे सुजले म्हणून गुंडू त्या वेळी बाहेर तोंडावर पाणी मारत होता, आणि त्याच्या जागेवर यमनाप्पा उभा राहिला होता.

"व्हय ना रं यमना?" मनुबाईनं विचारलं. तिची नजर टीव्हीवरनं हलली नव्हती.

यमनाप्पानंही टीव्हीकडंच बघितलं. मग तो म्हणाला, "व्हय मावशी. त्योच."

तिनं मला ते परत मागं घ्यायला लावलं. मी घेतलं. मूठ, अंगठा, मनगट. ती चटईवरनं अर्धी उठली, शेजारच्या टोपलीतनं एक भरलेली कांडी उचलली आणि टीव्हीकडं हात लांब केला. "देतो रं, देतो, जरा दम धर," असं ती म्हणाली, म्हणजे आपल्याकडं शेडमध्ये बायका बोलतात तसंच, जरा करवादून. मग तिला भान आलं आणि ती कांडी मांडीवर धरून रडली.

परतताना शहापूरच्या गल्लीत मी त्याला झापलं. म्हटलं, आता दर रविवारी ती तुलाच बघून गुंडू म्हणून रडणार, हे बरं आहे का? खरं सांगून टाकायचं होतंस.

"खरं काय ते मलाच कुठं ठावं हाय?" तो म्हणाला. "ती खूण मला गुंडूनंच शिकवली. मी शेडमधी नवा हुतो तवा. मग तिथं हात कुणाचा म्हणायचा, सांग." मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. तो म्हणाला, व्हय, लई फिरलंय.

पुढच्या रविवारी पेनड्राइव्ह चालेना म्हणून मनुबाईनं मला बोलावून घेतलं. यमनाप्पा आधीच येऊन बसला होता. मी पेनड्राइव्ह काढून परत नीट लावून दिला, वखार आली, तिनं पुन्हा डोळे भरून बघितलं. मग ती एकदम यमनाप्पाकडं वळली आणि मायेनं म्हणाली, "नुसता गुंडूच दावतोस व्हय रं? तूबी हुतास म्हणं ह्यात. तू कंचा, त्ये तरी सांग."

यमनाप्पा खाकरला नाही, लुंगी सावरली नाही.

"मी न्हाय मावशी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी मागावर हुतो."