व्हरांड्याचा शेवटचा स्क्रू

सुटले बाई एकदाची! वर्षभर छातीवर जे ओझं घेऊन वावरत होते, ते काल ताईंच्या व्हरांड्यात उतरलं. सकाळपासून उगाचच हसू येतंय. शेजारीण म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली की काय?" तिला काय सांगू? नवऱ्याने एक स्क्रू लाकडात बसवला, एवढंच तर झालंय.

आमचे हे सुतार. सगळा भाग त्यांना मिस्तरी म्हणतो, चारचौघांत मीही तेच म्हणते. माणूस मोजकं बोलणारा, पण हट्टी असा की विचारू नका. गेल्या वर्षी एका जिन्याच्या कामात लांब स्क्रू अर्ध्यावर अडकला. तो आधी उलटा फिरवून काढायचा, हे यांनीच दहाजणांना शिकवलेलं. पण त्या दिवशी घाई! स्क्रू पिळायचं बॅटरीचं मशीन एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने धरायची आडवी मूठ लावायचा कंटाळा केला आणि दिला वेग. स्क्रू जागचा हलेना, मग मशीनच गर्रकन फिरलं आणि त्याच्याबरोबर यांचं उजवं मनगट. कटकन मोडलं.

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "हात ठणठणीत आहे, खुशाल कामाला लागा." पण हे मशीनला हात लावतील तर शपथ! "अजून दुखतंय गं," म्हणायचे. दुखत-बिखत काही नव्हतं. त्याच हाताने पाण्याने भरलेली बादली उचलायचे, मी काय आंधळी आहे? माणूस घाबरला होता. ते त्यांच्या तोंडून निघेना आणि माझ्याच्याने बोलून दाखववेना.

मशीन डोळ्यांसमोरही नको म्हणून पेटीसकट ताईंकडे नेऊन ठेवलं. ताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहतात. कामावर ऐकायचा यांचा रेडिओही तिकडेच गेला. तो मशीनच्याच बॅटरीवर चालतो. ताईंची चंगळ झाली. सकाळी गाणी, दुपारी बातम्या, संध्याकाळी परत गाणी.

इकडे हे दुकानात बसून जुन्या खुर्च्यांना पॉलिश करत. मोठी कामं नाही म्हणता म्हणता लोक विचारायचेच बंद झाले. शेवटी शेजारच्या काचवाल्याने दुकान मागितलं, तर हे म्हणाले, "देऊन टाकू. सोमवारी किल्ली देतो त्याला." लग्नानंतर पै-पै करून उभं केलेलं दुकान! मी त्या दिवशी भाजी करपवली, भांडी आपटली, पण तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर रडलेच असते.

आणि नेमकी ताईंच्या व्हरांड्याची तुळई तडकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. ताई थेट दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"परक्या माणसाला मी माझ्या छपराला हात लावू देणार नाही. तुला जमत नसेल तर पडू दे माझ्या डोक्यावर!"

झालं. बहिणीपुढे यांचं कधी काही चाललंय का?

काल रविवारी कामाला लागलो. जुन्या तुळईला खेटून नवी चढवली. आता ती खांबांना पक्की करायची, तीही लांबलचक स्क्रूंनी. एकेक स्क्रू माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. आधी बारीक भोक पाडायचं, आट्यांना साबण चोळायचा, मशीन सावकाश गतीवर ठेवायचं आणि एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. मध्ये थांबलं की लाकूड स्क्रूला आवळून बसतं.

मी शिडी धरून खाली. "आडवी मूठ लावलीत ना?" मी विचारलं. थोड्या वेळाने परत विचारलं.

"लावली गं बाई! आता काय लिहून देऊ?"

पहिल्या स्क्रूला यांची मान घामाने निथळत होती. पण गेला आत. दुसराही गेला. मग जरा खांदे सैल झाले. खिडकीत रेडिओ गात होता, ताई त्याच्या वरचढ आवाजात सूचना देत होत्या. शेवटचा स्क्रू उरला, तेव्हा यांनी पेटीतली दुसरी बॅटरी मागितली.

"भरलेली आहे ना गं ताई?"

"अरे, सकाळीच भरून ठेवलीय."

स्क्रू अर्धा आत गेला. मशीन कण्हल्यासारखं झालं आणि थांबलं. रेडिओ मात्र कसा खणखणीत चालला होता! आम्ही तिघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

"अगो बाई," ताई म्हणाल्या. "गाण्याच्या मध्येच बंद पडत होता रे मेला. म्हणून भरलेली त्यात घातली, आणि त्यातली ठेवली पेटीत."

एरवी मी हसून लोळले असते. पण यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. अर्ध्यात अडकलेला स्क्रू, वर हे, हातात मशीन. पुन्हा तेच.

"राहू दे," हे म्हणाले. "वरचं टोक कापून टाकतो. बाकीचे स्क्रू धरतील."

आणि एक पाय खालच्या पायरीवर ठेवलासुद्धा. मला कळलं, आता उतरले तर हा माणूस परत चढायचा नाही. तुळई राहील, दुकान जाईल. आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

"भीती वाटतेय ना? वाटू द्या! मलाही वाटतेय. हात दुखतो म्हणून किती दिवस मला बनवणार? तेव्हा रेटलंत म्हणून मोडला हात. आता नका रेटू. लोकांना शिकवता तसा काढा की बाहेर!"

हे शिडीवरच माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता भडकणार.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या बादलीपासून."

हे खुदकन हसले. मग तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "साबण दे इकडे. ताई, रेडिओतली बॅटरी काढ."

रेडिओ थांबला. यांनी मशीनची आडवी मूठ नीट खांबाला टेकवली. मशीन फिरलंच तर धक्का खांबाला बसावा, मनगटाला नको. मग उलट्या दिशेने, अगदी सावकाश, बटण दाबलं. स्क्रू ढिम्म. मशीनने हिसका दिला, मूठ ठक्कन खांबावर आपटली. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. पण हात होता तिथेच होता.

"काही नाही झालं," हे वरून म्हणाले. स्वतःलाच सांगितल्यासारखं.

पुन्हा दाबलं. करकर करत स्क्रू हलला आणि फिरत फिरत अख्खा बाहेर आला. चांगला तापला होता. यांनी त्याला साबण चोळला, भोकाला लावला आणि मध्ये कुठेही न थांबता शेवटपर्यंत नेला. वरचं टोक लाकडात चपखल बसलं.

ताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्या, किती घाबरवतोस!" जशी काही रेडिओत बॅटरी यांनीच घातली होती!

हे खाली उतरून पायरीवर बसले. मनगट इकडून फिरवून पाहिलं, तिकडून फिरवून पाहिलं. मग माझ्यापुढे धरलं. "बघ, काही नाही झालं गं." मी तोंड फिरवलं. रडताना मी फार वाईट दिसते.

निघताना यांनी मशीनची पेटी उचलली.

"नेतोस?" ताई म्हणाल्या. "मग माझा रेडिओ?"

"एक बॅटरी ठेवतो तुला."

आमच्या घराच्या वळणाशी मी वळले, तर हे सरळच चाललेले. "अहो, कुठे?"

"पेटी दुकानात ठेवतो. घरी कशाला?"

काचवाला आपल्या दुकानाच्या दारातच उभा होता. "काय मिस्तरी, उद्या किल्ली देताय ना?"

"दुसरं बघा तुम्ही," हे म्हणाले. "मला जागा लागणार आहे."

कुलूप उघडायला मोकळा हात हवा म्हणून मी पेटी धरायला पुढे झाले. यांनी ती डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

"राहू दे, जड आहे," म्हणाले.